डावा डोळा जरा लहान

तुळशीचं लग्न लागल्यानंतरचा दुसरा रविवार. रक्कम अठराशे रुपये, रोख, आगाऊ. हजर माणसं चार: मी, माझी बायको सुनंदा, आमची मुलगी रेणुका आणि तिचा मामा प्रमोद, जो एवढ्यासाठी सकाळच्या एसटीनं अकोल्याहून अमरावतीला आला होता. ठिकाण अमरावतीतला एक फोटो स्टुडिओ. काम, रेणुकाचा एक फोटो. एकच.

हे असं मांडून लिहितो, कारण पुढे या प्रकरणात बरंच काही गुळगुळीत करण्यात आलं. निदान सुरुवात तरी खरखरीत असू द्यावी.

या गोष्टीला तीन हिवाळे झाले. तरी दरवर्षी संत्री बाजारात उतरली की माझं डोकं तापायला लागतं. मोर्शीकडचा आंबिया बहार हातगाड्यांवर चढतो, गल्लीत सालांचा तो तिखट-गोड वास सुटतो, अकोल्याच्या रस्त्यानं जाताना तुरीचा पिवळा फुलोरा दोन्ही बाजूंनी दिसतो, स्वेटरांना डांबरगोळ्यांचा वास असतो. सगळं चांगलं असतं. आणि त्याच आठवड्यात फोन सुरू होतात. कोणाचा पोरगा पुण्याला आहे, कोणाची पोरगी एमएस्सी झाली आहे, कोण समाजाच्या परिचय मेळाव्यात नाव घालणार आहे. स्थळांचा हंगाम आमच्याकडे संत्र्यांसोबतच येतो.

यंदा पहिला फोन प्रमोदचाच आला.

"भाऊजी, माह्या सोनूचं नाव टाकाचं आहे यंदा मेळाव्यात. फोटो काढा लागते. तुमाले त्यातलं समजते म्हनून इचारतो. जुना कॅमेरा बरा, का नवा?"

हे प्रमोदनं विचारावं! मी म्हटलं, नंतर बोलतो, आणि फोन ठेवला. संत्रं सोलायला घेतलं होतं, ते हातातच चिरडलं गेलं. सुनंदा म्हणाली, "त्याच्यावरचा राग फळावर काहून काढता?"

तर त्याचं उत्तर हे.

माझा कॅमेरा जुना आहे. रेणुका आठवीत असताना मी तो एका मास्तरांकडून वापरलेला घेतला. मी हिशेबाच्या खात्यात काम करणारा माणूस. घेताना पहिलं विचारलं ते शटर आतापर्यंत किती वेळा पडलं आहे. मास्तर हसले, पण आकडा दाखवला. कॅमेऱ्यावर पन्नासची लेन्स आहे, जागच्या जागी चित्र जवळ आणता न येणारी. चेहरा मोठा हवा असेल तर आपणच पुढे सरकायचं. आत आरसा आहे. डोळा लावला की समोरचं माणूस त्या आरशातून दिसतं, आहे त्या उजेडात, आहे त्या रंगाचं. बटण दाबलं की आरसा खट्कन वर उडतो आणि तेवढा एक पळभर अंधार होतो. म्हणजे ज्या क्षणाचा फोटो निघतो तेवढा एकच क्षण काढणाऱ्यानं पाहिलेला नसतो. मला हे फार आवडतं. त्यामुळे माणूस जरा नम्र राहतो.

आणखी एक गोष्ट. या कॅमेऱ्याला उजवा डोळा लावायचा तर डावा मिटावा लागतो. आमच्या घरात ते कोणाला शिकवावं लागलं नाही. माझी आई हसली की तिचा डावा डोळा उजव्यापेक्षा लहान व्हायचा, सुईत दोरा ओवताना होतो तसा. माझाही होतो. रेणुकाचा तर सगळ्यात जास्त. ती मनापासून हसते आहे की पाहुण्यांसमोर हसते आहे, हे मी त्या डोळ्यावरून ओळखतो. डावा डोळा लहान झाला नाही तर समजायचं, पोरगी नुसते दात दाखवते आहे.

त्या वर्षी रेणुका सत्तावीसची होती. एका लॅबमध्ये रक्त तपासायची, स्वतःच्या स्कूटीवर जायची-यायची. मेळाव्यात नाव घालायला ती स्वतःहून तयार झाली होती. तिनं एकच अट घातली होती. फॉर्मवर 'वर्ण' नावाचा एक रकाना होता. प्रमोदमामानं त्यात 'गोरा' लिहिलं. तिनं ते खोडून 'सावळा' लिहिलं. सुनंदानं तिचं खोडून 'गव्हाळ' लिहिलं. रेणुकानं फॉर्म माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "बाबा, मी जशी आहे तशी जाईन. नाही तर जाणार नाही. मग मला कोणी नाही म्हटलं तरी ते मला म्हटलेलं असेल."

मी त्या रकान्यात 'सावळा' लिहून खाली सही केली. फॉर्मवर सही करायची जागा नव्हती, तरी केली.

फोटो मीच काढायचा असं ठरलं होतं. आमच्या व्हरांड्याला उत्तरेचा उजेड येतो, मऊ, कडा न जाळणारा. रेणुका पायरीवर बसली, सुनंदा बाजूला संत्री सोलत बसली. माझ्या जुन्या कॅमेऱ्याचे दोष मी लपवत नाही. लेन्स पूर्ण उघडून फोटो काढला की तो कधी डोळा धरतो, कधी नाकाचा शेंडा, कधी मागच्या कुंडीतली तुळस. सकाळभर काढले, त्यातले थोडेच नीट आले. पण एक आला. सुनंदा काहीतरी बोलली, रेणुका हसली, खट्ट झालं. संगणकावर पाहिलं तर पोरगी जशीच्या तशी, डावा डोळा दोऱ्यासारखा.

सुनंदा म्हणाली, "डोळा पाहा ना हिचा. एक लहान, एक मोठा."

"तो तसाच आहे."

"आहे हो. पण फोटोत कशाला?"

या वाक्यावर मी तीन वर्षं विचार करतो आहे. आहे, पण फोटोत कशाला! मग फोटो कशासाठी असतो?

सुनंदानं भावाला फोन लावला. प्रमोदचं अकोल्यात टाइल्सचं दुकान आहे. त्याला गिऱ्हाइकाला चकचकीत तेच दाखवायची सवय. तो आला तो ठरवूनच आला होता.

"भाऊजी, तुमी त्या डबड्याले काहून चिकटून राहिले? दुनिया कुठं चालली! तो स्टुडिओवाला नवा मिररलेस घेऊन बसला आहे. तेहतीस मेगापिक्सेल. तुमचा किती?"

"बारा."

"झालं तं मग!"

मी कागद घेतला. पुस्तिकेत छापायचा फोटो सव्वा इंच रुंद, दीड इंच उंच. चांगल्या छपाईला इंचाला तीनशे ठिपके लागतात. म्हणजे आडवे तीनशे पंच्याहत्तर, उभे साडेचारशे. गुणाकार एक लाख अडुसष्ट हजार सातशे पन्नास. दहा लाखांचा एक मेगापिक्सेल होतो. याचा अर्थ पुस्तिकेतल्या फोटोला एका मेगापिक्सेलचा पाचवा हिस्साही लागत नाही. माझ्याकडे बारा आहेत. बाकीचे कुठे ठेवणार?

प्रमोदनं कागद वाचला, घडी घातली आणि म्हणाला, "भाऊजी, पोरीचं लगन जमवून राह्यलो आपन. सातबारा नाई काढून राह्यलो."

सगळे हसले. रेणुकाही हसली, डोळा लहान करून. स्टुडिओत काढला तरी फोटो आपलाच निघणार, असं तिला वाटलं असणार. मी एकटा पडलो. घरात एकट्या पडलेल्या माणसाचं गणित बरोबर असून उपयोग नसतो.

स्टुडिओत त्या दिवशी बाकावर जागा नव्हती. सगळी आमच्यासारखीच मंडळी, काही तर अकोल्याहूनही आलेली. भिंतीवर एका खिळ्याला काळा कोट टांगलेला, मुलांसाठी. तो सगळ्यांना होतो. बारीक पोराला घातला की मागून चिमटे लावतात, पुढून तो अधिकारी दिसतो. मुलींसाठी मखमली ताटात एक हार आणि कानातले. तेही सगळ्यांना. सुनंदानं ते ताट पाहिलं आणि पिशवीतून आणलेले रेणुकाचे स्वतःचे कानातले परत पिशवीत टाकले. मागे निळा पडदा. एक पोरगी उठायची, हार काढून पुढच्या पोरीच्या गळ्यात घालायची, स्टूलवरची जागा अजून ऊबदार असायची.

नवा कॅमेरा मी तिथे पहिल्यांदा जवळून पाहिला, आणि खरं ते सांगतो, मला हेवा वाटला. आत आरसा नाही. मागच्या पडद्यावर पोरगी दिसते आणि तिच्या डोळ्यावर एक लहान हिरवा चौकोन येऊन बसतो. तिनं मान हलवली, चौकोन हलला. ती वाकली, तोही वाकला. स्टुडिओवाला तिशीतला होता, कामात तरबेज.

"काका, अंधार असो, चष्मा असो, हा डोळा सोडत नाही. पापणीचा केस न् केस मोजून घ्या."

मी जन्मभर ज्या गोष्टीसाठी धडपडलो ती या यंत्राला जन्मतः येत होती. फोटो काढणारा दोन्ही डोळे उघडे ठेवून नुसता पडद्याकडे पाहत होता. तेवढ्यात त्यानं यादी उघडली. त्यात 'त्वचा मऊ' असं एक कलम होतं आणि त्यापुढे कमी, मध्यम, जास्त. चौथा पर्याय 'बंद' असा होता. त्याच्या बोटानं 'जास्त'वर टिचकी मारली, घरात शिरताना आपण दिवा लावतो तितक्या सवयीनं.

"हे बंद करा," मी म्हटलं.

"काका, बंद कोणीच ठेवत नाही. बाकी मग संगणकावर होते. पॅकेजमध्येच आहे."

प्रमोदनं माझ्या दंडाला धरलं. "भाऊजी, त्याले त्याचं काम करू द्या ना."

आणि मी दिलं करू. अठराशे भरले होते.

तयार फोटो स्टुडिओनं परस्पर छापखान्यात पाठवला. पुस्तिका मेळाव्याच्या दोनच दिवस आधी हातात आली. छापखाना अकोल्याचा, प्रमोद तिथे बसून राहिला आणि पहिल्या गठ्ठ्यातली एक प्रत घेऊन संध्याकाळच्या गाडीनं आमच्याकडे आला. येताना पेढे आणले होते. रेणुका लॅबमधून यायची होती. त्यानं टेबलावर पुस्तिका उघडली, नंबर शोधला आणि बोट ठेवलं.

"पाहा ताई! ही पाहा आपली रेणू. मी काय म्हनत होतो? कशी बाहुलीसारकी दिसून राह्यली!"

सुनंदानं डोळ्यांना पदर लावला. शेजारच्या काकू आल्या होत्या, त्या म्हणाल्या, "दृष्ट काढा पोरीची." मीही पाहिलं. गोरा, गोल, वाटीसारखा गुळगुळीत चेहरा. दोन्ही डोळे सारखे, मोजून कापलेले. मला तो फोटो आवडला नाही, पण आवडणार नाही हे मी धरूनच चाललो होतो. खाली नाव बरोबर, शिक्षण बरोबर, उंची बरोबर, वर्ण 'सावळा'. आकडे जुळले. मी पुस्तिका मिटली आणि पेढा खाल्ला.

रेणुका आली. हात धुऊन टेबलाशी बसली, पान उघडलं, पाहत राहिली.

"ही मी नाही," ती म्हणाली.

"थोडं गोरं केलं आहे ग," सुनंदा म्हणाली. "सगळ्यांचेच करतात."

"आई, ही मी नाहीच. हिचा भांग उजवीकडे आहे. माझा डावीकडे असतो."

प्रमोद हसला. "छापताना उलटा झाला असन फोटो. चेहरा तं तूच आहेस!"

रेणुकानं पान उलटलं. मग आणखी काही पानं. मग एका ठिकाणी थांबली. अकोल्याच्या जुन्या शहरातली कोणी पल्लवी, तिच्या नावावर एक फोटो. तोच हार, तेच कानातले, तोच निळा पडदा, तोच वाटीसारखा चेहरा. भांग डावीकडे.

"ही मी," रेणुका म्हणाली. "म्हणजे, ही मी होते."

मी दोन्ही पानं शेजारी धरली. प्रमोदनं पाहिलं, सुनंदानं पाहिलं, काकूंनी चष्मा पुसून पाहिलं. छापणाऱ्यानं दोन मुलींचे फोटो अदलाबदल केले होते. ती चूक झाली, छापखान्यात चुका होतात, त्याबद्दल मला राग नाही. राग याचा आहे की चूक झालेली दिसत नव्हती. दोन वेगळ्या आयांच्या, दोन वेगळ्या गावांच्या पोरी, आणि फरक सांगायला एक भांग उरला होता, कारण भांग सरकवणं पॅकेजमध्ये नव्हतं.

रेणुकानं पेढ्याचं झाकण लावलं. "तुम्ही चौघांनी पाहिलं," ती शांतपणे म्हणाली. "कोणाला काही चुकल्यासारखं वाटलं नाही. मग परवा मी नाही आले तरी चालेल की. हिलाच दोनदा बोलवा."

ती आत गेली. तिचा डावा डोळा अजिबात लहान झाला नव्हता.

पल्लवीच्या नावाखाली तिच्या वडिलांचा फोन नंबर होता. मी लावला. देविदासभाऊ म्हणून गृहस्थ, भाजीबाजारात अडत. मी आधी नाव सांगितलं, मग प्रकार सांगितला. पलीकडे बाजाराचा आवाज येत होता.

"भाऊ, असं कसं होईन?" ते म्हणाले. "मी सोता सगळ्या गल्लीले पुस्तिका दाखवली. माह्या मायनं फोटोवर हात फिरवला."

"आमच्याकडेही तेच झालं."

"म्हंजे मायनं तुमच्या पोरीवर हात फिरवला का?"

"हो. आणि माझ्या बायकोनं तुमच्या पोरीसाठी डोळे पुसले."

ते हसायला लागले, मग मधेच थांबले. "थांबा, तिलेच देतो, इथंच हिशोबाले बसली आहे." फोनवर पल्लवी आली. बारीक आवाज. "काका, मले समजलं होतं."

"मग बोलली नाहीस?"

"घरी सगळे इतके खूश होते ना. माह्या फोटोले इतकं खूश होताना कोनाले पाह्यलं नव्हतं."

मी फोन रेणुकाच्या हातात दिला. दोघी काय बोलल्या ते मला माहीत नाही. बराच वेळ बोलल्या. दार लोटलेलं होतं. एकदा आतून हसण्याचा आवाज आला. सकाळी रेणुका म्हणाली, "मी जाते उद्या. पण आम्ही दोघी मिळून स्टेजवर जाणार." मेळावा भरवणाऱ्या मंडळाच्या सेक्रेटरींना मी कळवलं, तर ते म्हणाले, "काका, दोन्ही पोरी छानच दिसून राहिल्या, बिघडलं काय? अजून कोणाची तक्रार नाही. तुम्हीच पहिले." त्यांच्याशी बोलताना मी जो आवाज काढला तो शेजारी ऐकू गेला, असं नंतर समजलं.

मेळावा अकोल्याला होता. मंगल कार्यालयाचा मोठा हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या, दारात संत्र्याच्या सरबताचे पेले. प्रत्येकाच्या मांडीवर उघडी पुस्तिका, हातात पेन. नंबर पुकारला जायचा, पोरगी स्टेजवर यायची, माना वर व्हायच्या, खाली व्हायच्या. समोरची पोरगी आणि छापलेली पोरगी जुळवून पाहणं चाललं होतं. मला हा प्रकार आमच्या ऑफिसातल्या पडताळणीसारखा वाटला. फरक इतकाच की तिथे मूळ कागद खरा मानतात, नक्कल त्याच्याशी ताडून पाहतात. इथे उलटं चाललं होतं. फोटो खरा धरून पोरींमध्ये फरक निघत होता. "फोटोत गोरी होती ना हे?" असं माझ्या मागच्या रांगेत तीनदा तरी ऐकलं. एकीला स्टेजवरून उतरताना ते ऐकू गेलं. तिनं पदर सारखा केला. सारखा करण्यासारखं त्यात काही नव्हतं.

रेणुकाचा नंबर आला. दोघी चढल्या. पल्लवी उंच, नाक लांब, हनुवटीवर खळी. आमची ठेंगणी, रुंद कपाळाची. त्यांच्यात सारखं काही म्हणजे काही नव्हतं. रेणुकानं माइक घेतला.

"माझ्या नंबरवर हिचा फोटो छापला आहे आणि हिच्या नंबरवर माझा. आणि खरं सांगायचं तर दोन्ही फोटो आमचे नाहीत."

हॉलमध्ये हशा झाला, मग कुजबुज. पुढच्या रांगेतली एक जाडजूड बाई पुस्तिका हलवत मोठ्यानं म्हणाली, "अव बाई, मंग आमी पाहाव कोनाले?"

"समोर उभ्या आहोत ना काकू," रेणुका म्हणाली. "पुस्तक मिटा आणि इकडे पाहा."

आणि हसली. मी तिसऱ्या रांगेतून पाहिलं. डावा डोळा दोऱ्यासारखा. माझा जुना कॅमेरा पिशवीत मांडीवर होता. काढायचं सुचलं नाही.

त्यानंतर रेणुकाचं जमलं का, असं मला लोक विचारतात. ही हकीकत ऐकून झाली की पहिला प्रश्न तोच. त्याचाही मला राग येतो, म्हणून मी सांगत नाही.

आता जुना की नवा. मेळाव्यानंतरच्या सोमवारी मी रेणुकाला घेऊन स्टुडिओत गेलो. पैसे परत घ्यायला गेलो होतो. रस्ताभर मनात वाक्यं जुळवत होतो. स्टुडिओवाल्यानं ऐकून घेतलं. तो उद्धट नव्हता, त्यामुळे माझी अर्धी वाक्यं वाया गेली.

"काका, फोटो बदलले छापखान्यात. माझा काय दोष?"

"बदलले तरी कळले नाहीत, हा दोष तुमचा."

"लोक हेच मागतात. तुमच्या घरच्यांनीच सांगितलं होतं, डोळा सारखा करा म्हणून."

मी त्याच्याकडे पाहिलं. "कोणी?"

त्यानं संगणकाकडे तोंड वळवलं. मीही पुढे विचारलं नाही. सुनंदा की प्रमोद, हे मला आजही माहीत नाही. घरात राहायचं असेल तर काही हिशेब तपासायला काढू नयेत, इतकं मलाही समजतं.

रेणुका म्हणाली, "दादा, काहीच न केलेला माझा फोटो आहे का?"

"ओरिजिनल? असतो. मशीन ठेवते. पण ते कोणी मागत नाही."

त्यानं शोधलं आणि मोठ्या पडद्यावर उघडलं.

मी खुर्चीतून उठलो. रेणुका होती. सावळी, भाजलेल्या कणसाच्या दाण्यांत असते तशी एक ऊब त्या रंगात. वरच्या ओठावरची बारीक लव. हनुवटीवर त्या दिवशी आलेली एक पुटकुळी. लॅबमध्ये चष्मा घालून नाकावर पडलेला वण. प्रत्येक पापणी वेगळी. त्याच वेळी मागून प्रमोद काहीतरी बोलला असणार, कारण ती हसत होती, खरं हसत होती, आणि डावा डोळा लहान झाला होता. त्या लहान झालेल्या डोळ्यात खिडकीचा चौकोन दिसत होता. माझ्या आईच्या डोळ्याकडे इतक्या जवळून मी कधी पाहिलं नव्हतं. ती गेली तेव्हा मी चाळिशीत होतो, रोज समोर होती, आणि तो डोळा असा जवळून कसा दिसतो हे मला या यंत्रानं दाखवलं.

माझ्या जुन्या कॅमेऱ्याला हे जमलं नसतं. बारा काय नि तेहतीस काय, मेगापिक्सेलचा प्रश्न नाही. त्यानं नाकाचा शेंडा धरला असता. या नव्यानं कमी उजेडाच्या खोलीत, गर्दीत, क्षणात नेमका तोच डोळा शोधला, धरला, केसापर्यंत टिपला. त्याचं काम त्यानं चोख केलं होतं. आणि मग माणसानं खुर्चीवर बसून, संगणकाचा माउस फिरवत, तोच डोळा पुसून टाकला. इतकं नीट पाहणारं यंत्र माणसानं बनवावं, लाख-दोन लाखांना विकत घ्यावं, आणि त्यानं जे पाहिलं ते आधी झाकावं! माझा सगळा राग इतके दिवस त्या काळ्या डब्यावर होता. स्टुडिओत उभ्या उभ्या तो तिथून उठला आणि आमच्यावर येऊन बसला. तो अजून तिथेच आहे.

तेव्हा प्रमोद, जुना घे नाही तर नवा घे. नवाच घे, जास्त चांगला आहे. पण त्या यादीत चौथा पर्याय आहे, तेवढा लाव. आणि सोनूचं नाक लांब आहे, ते लांबच राहू दे. ते तुझ्या वडिलांचं आहे.

"ही फाइल द्या," मी स्टुडिओवाल्याला म्हटलं.

"देतो काका. ओरिजिनलचे वेगळे पाचशे पडतात."

मला वाटलं मी आता ओरडणार. चेहरा पुसायचे अठराशे आणि तो परत द्यायचे पाचशे! तोंड उघडलंही होतं. खिशात हात गेला होता, पाकिटासाठी की मुठीसाठी ते सांगता येत नाही. रेणुकानं माझ्या मनगटावर हात ठेवला.

"राहू द्या बाबा. हा माझा आहे. मी देते."

मग तिनं पल्लवीला फोन लावला आणि स्टुडिओवाल्याकडे वळली. "आणि दादा, अकोल्याची पल्लवी म्हणून एक होती, उंचशी, भांग उजवीकडे. तिचा फोटो इथेच काढला ना? तिचाही ओरिजिनल शोधा. ती फोनवर आहे, तिला विचारून घ्या, द्यायचा की नाही ते."

फोन स्पीकरवर होता. पलीकडून बाजाराच्या गलबल्यात तो बारीक आवाज आला, "द्या दादा. जसा आहे तसाच द्या."

दोन फाइली, प्रत्येकी पाचशेप्रमाणे एकूण एक हजार रुपये, रेणुकानं तिच्या पगारातून, रोख, स्टुडिओवाल्याला दिले.